कुत्र्याचा खुंटा

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून भूतदयेची अपेक्षा धरायला नको. ज्या कुत्र्याचं हे सांगणं आहे ते तर मला शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि त्यालाही मी आवडले नाही. आमचं दोघांचं जमलं ते एवढ्या एकाच बाबतीत.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आष्टीकडच्या आमच्या गावात दसऱ्यालाच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. नवरा, सासू-सासरे आणि दीर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला गेले. मी मागं राहिले ती गाईपायी. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, दुसऱ्या वेताची गाय, तीन महिन्यांची गाभण. बैल गाडीला लागतात म्हणून ते गेले, पण गाभण गाय कारखान्यावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, नेऊन करायचं काय? सासूबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "गाय तगली तर घर तगलं." स्वतःला सांभाळ, वेळेवर जेव, असलं काही नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. पण मी ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं.

संक्रांतीनंतर सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली. आसपासच्या गावांची जनावरं तिथं रांगेनं बांधायची, त्यांना चारा-पाणी छावणीतच मिळायचं. अट एकच, जनावराबरोबर घरचं माणूस मुक्कामाला पाहिजे. मी जुन्या लुगड्यांची कोपी केली आणि गाईशेजारी राहायला गेले. चारा म्हणजे उसाचं वाढं, माजलगावकडून ट्रकनं येणारं. तिकडं आमचीच माणसं ऊस तोडत होती आणि इकडं त्याच उसाची शेंड्याकडची पानं आमची गुरं खात होती. मला कधी कधी वाटायचं, ह्यातली एखादी मोळी नवऱ्याच्याच हातची असेल. तसं वाटून घ्यायला पैसे पडत नाहीत.

छावणीत प्रत्येकानं आपापला खुंटा घरून आणलेला. हे बाहेरच्यांना समजायचं नाही. लाकूड ते लाकूड, माळावरचं कुठलंही ठोकलं तरी चाललं असतं. पण आमच्याकडं जनावराचा खुंटा पोळ्याला पुजलेला असतो. घर बदललं तरी तो उपटून बरोबर नेतात. दुसऱ्याच्या खुंट्याला हात लावायचा नाही, हे लेकरालाही शिकवावं लागत नाही. बांध कोरला तर माणसं कोर्टात जातात, खुंटा उपटला तर मयताला जायचं सुद्धा सोडतात. पहिल्या दिवशी सगळ्या माळभर ठोकाठोक चाललेली, आणि बाया खुंट्यांना हळदीकुंकू लावत होत्या. मीही लावलं. एका गाईची बाई म्हणून मला रांगेत उरलेली फटीएवढी जागा मिळाली होती.

माझ्या एका बाजूला दोर वळणारे एक म्हातारे बाबा होते. दोन शेळ्या आणि एक भाकड म्हैस एवढाच त्यांचा संसार. दिवसभर घायपाताचे दोर वळत बसायचे आणि तोंडानं साऱ्या छावणीची उणीदुणी काढायचे. दुसऱ्या बाजूला सोसायटीचे एक संचालक होते. त्यांची चौदा जनावरं, सगळी धष्टपुष्ट. छावणीत आणायची काही गरज नव्हती, पण फुकटचा चारा कुणाला कडू लागतो? त्यांना सगळे मालक म्हणायचे, मीही म्हणायची. त्यांचे चौदाही खुंटे खैराचे, एकाच सुताराकडून करून घेतलेले, वर लोखंडी कडी बसवलेली. जनावरांना एक सालगडी होता. मालक स्वतः दिवसभर लिंबाखाली बाजेवर लोळायचे. आणि त्यांच्याबरोबर कुत्रं होतं.

पिवळट रंगाचं, छाताडानं रुंद, एक कान फाटलेलं. पहिल्या आठवड्यात ते मोकळंच फिरायचं. बाबांच्या शेळीच्या मांडीचा लचका त्यानंच तोडला. बोंबाबोंब झाली तेव्हा मालकांनी मोठे उपकार केल्यासारखं त्याला साखळीनं बांधलं. पण बांधलं कुठं, तर पाण्याच्या हौदाच्या तोंडाशी.

हौद लांबट, सिमेंटचा. एका अंगाला टँकर लागायचा, दुसऱ्या अंगानं जनावरं पाण्यावर यायची. त्या वाटेवरच मालकांच्या बाजेवर सावली धरणारा तो लिंब होता आणि लिंबाच्या बुडाशी मालकांनी पंधरावा खैराचा खुंटा ठोकला. लांब साखळी दिली. आता पाण्यावर यायचं तर कुत्र्याच्या अंगावरून यायचं. मालकांच्या गुरांच्या वेळी सालगडी साखळी आखडून धरायचा, चौदा जनावरं आरामात पाणी पिऊन जायची. बाकीच्यांनी सालगड्याला हाक मारायची, बाबापुता करायचा, मग तो सवडीनं उठायचा. कधी उठायचा, कधी नाही. कुत्रं नावाला पहारा करत होतं. खरं तर पाण्याला फाटक बसवलं होतं, आणि फाटकाची कडी एकाच घराच्या हातात.

माझ्या गाईला ते चावलं त्या दिवशी सालगड्यानं साखळी धरली होती. धरली म्हणजे हातात होती, लक्ष विडी पेटवण्यात. कुत्र्यानं झेप घेतली आणि गाईच्या मागच्या पायाला, गुडघ्याच्या वर, दात रुतवले. गाय उधळली, मी दाव्यासकट फरपटत गेले. गुडघे सोलले ते काही नाही, पण गाईला आठवा महिना. पोटातलं हललं असतं तर मी सासूबाईंना काय तोंड दाखवणार होते? जखमेवर हळद भरता भरता मी मालकांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बाजेवरून न उठता म्हणाले, "बांधलेलंच हाय की ते. तुमीच जवळून जाता कावून?"

जवळून जाता कावून. जसं काही दुसरी वाट होती.

त्या दिवसापासून गाय हौदाकडं जाईना. लिंब दिसला की पाय रोवून उभी राहायची, डोळे पांढरे करायची. ओढलं तर बसायची. मी बादलीनं पाणी आणून पाजायला लागले, तर तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सचिवांनी अडवलं. छावणीतलं पाणी बादल्यांनी घरी जातं अशी तक्रार झाली होती, म्हणून नियम काढलेला: जनावरानं हौदावरच प्यायचं. मी गाईची जखम दाखवली, तिचं पोट दाखवलं. सचिव वाईट माणूस नव्हता, पण नोकरी संचालकांच्या हातात होती. त्यांनी मान खाली घालून नियम वाचून दाखवला. शिमगा होऊन गेलेला, ऊन मी म्हणत होतं, आणि माझी गाभण गाय चोरून आणलेल्या कळशी-दोन कळशींवर दिवस काढत होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. वाढं पुढं टाकलं तरी कोरड्या तोंडानं तिला चावेना.

मग मी रीतसर तक्रार करायला गेले. सचिवांच्या टेबलावर जाडजूड नोंदवही असायची. त्यात प्रत्येकाचं नाव, बैल किती, गाई किती, म्हशी किती, शेळ्या किती. छावणीच्या तोंडाशी तर पाटीच होती: नोंद नसलेले जनावर आत ठेवू नये. मी म्हटलं, मग कुत्र्याची नोंद काढा, चावरं म्हणून लिहा आणि बाहेर घालवा. सचिवांनी वही उघडली, बंद केली, इकडं तिकडं पाहिलं.

"बाई, वहीत कुत्र्याचा रकाना न्हाई. आमच्या लेखी छावनीत कुत्रंच न्हाई. जे न्हाईच, त्याची तक्रार कशी लिवून घ्यायची?"

मी परत आले तेव्हा माझ्या कानातून धूर निघत होता. बाबा दोर वळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की सोसायटीची रीतच ही आहे, जे नको ते दिसत नाही. पलीकडच्या रांगेतल्या एकीनं मला बाजूला घेऊन दुसराच उपाय सांगितला. भाकरीत थोडं औषध घालायचं, सकाळपर्यंत सगळं शांत. उगीच कशाला खोटं सांगू, एक अख्खी दुपार मी तो विचार मनात घोळवला. औषध मिळालंही असतं. पण मग माझ्यात आणि त्या बाजेवर लोळणाऱ्या माणसात फरक काय राहिला, असं काही उदात्त मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच की मुकं जनावर मारलं तर पोटातल्या वासराला भोवेल. घाबरले, आणि बेत सोडला.

पण हटले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गाईला घेऊन लिंबासमोर, साखळी पोचणार नाही अशा बेतानं, भर उन्हात जाऊन बसायला लागले. मालकांना दिसू दे, रोज दिसू दे, असा माझा हेका. डोक्यावर पदर, हातात गाईचं दावं, नजर थेट बाजेवर. ते कुशीवर वळायचे. मी जागा बदलून पुन्हा समोर बसायची. कुत्रं तासभर भुंकायचं, मग जीभ काढून पडायचं.

असं समोर बसून बसून मला एक गोष्ट दिसली. चौदा जनावरं पाणी पिऊन परतायची तेव्हा त्यांच्या तोंडातून ठिबकलेल्या पाण्यानं वाट ओली व्हायची. कुत्रं त्या चिखलाला तोंड लावायचं. माती चाटायचं. हौदाकडं झेप घ्यायचं तर साखळी दोन हात अलीकडं संपायची आणि गळ्याला हिसका बसायचा. सकाळी सालगडी त्याला भाकरी टाकायचा, पण दिवसभर पाणी कुणी ठेवलेलं मी पाहिलं नाही. चौदा तोंडांना पाणी पाजणाऱ्या घरानं पंधरावं तोंड पाण्यापासून दोन हातांवर बांधलं होतं, आणि जो जो पाण्याकडं जाईल त्याच्यावर ते पिसाळल्यागत धावत होतं.

इथं मला दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण मला संताप आला, आणि तोही स्वतःवर. पंधरा दिवस मी कुत्र्याला शिव्या घालत होते आणि खुंट्याकडं पाहिलंच नव्हतं. कुत्र्यानं काय तो स्वतः ठोकून घेतला होता तिथं?

मी बाबांकडं पहार मागितली. कशाला म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तसा त्यांच्या हातातला दोर थांबला.

"पोरी, खुंट्याला हात लावू नको. त्यांची मानसं लई वाईट हायत."

मी म्हटलं, खुंटा जनावराचा असतो बाबा, आणि सचिवांनी सांगितलंय की इथं असलं जनावरच नाही. बाबा उठले, कोपीतून पहार काढून माझ्यापुढं टाकली आणि पुन्हा दोर वळायला बसले. आपण काही पाहिलंच नाही अशा थाटात.

चोरून करायचं नव्हतं. दुपारच्या पाण्याची वेळ निवडली, सगळी छावणी हौदाशी जमते ती. मालक बाजेवर, तोंडावर वर्तमानपत्र. सालगडी वाढ्याच्या ट्रककडं गेलेला. मी हौदातून घमेलं भरलं आणि काठीनं ढकलत ढकलत साखळीच्या टोकाशी सरकवलं. कुत्र्यानं आधी काठी चावली, मग घमेल्यात तोंड घातलं. ते पाणी प्यायला लागलं तो आवाज मला अजून आठवतो.

मी मागून लिंबाच्या बुडाशी गेले आणि पहार घातली. खैराचा खुंटा, चांगला हातभर आत गेलेला. पहिल्या हिसक्याला हलला नाही. दुसऱ्याला माती फुटली. तिसऱ्याला तो माझ्या हातात आला, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता हे कुत्रं मलाच बांधलेलं आहे. त्यानंही त्याच वेळी घमेल्यातून तोंड वर काढलं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कमरेला भाकरी बांधलेली होती, ती सोडून मी हौदापासून लांब, झाडाच्या पलीकडच्या अंगाला फेकली. कुत्रं भाकरीमागं सुटलं आणि खुंटा छातीशी धरून मी कुत्र्यामागं. कोण कुणाला नेत होतं ते बघणाऱ्यांनी ठरवावं. जाता जाता माझं लुगडं बाभळीच्या काट्यात फाटलं. ते भाकरी खात होतं तेवढ्यात मी दगडानं खुंटा ठोकला. शेवटचा घाव घालताना त्यानं वळून माझ्या पोटरीला दात लावलेच. तो वण अजून आहे. आधी पाणी दिलं, भाकरी दिली, सावली दिली, आणि हे त्याचे आभार. पण आता साखळी वाटेपर्यंत पोचत नव्हती. घमेलं मी काठीनं त्याच्यापुढं सरकवून दिलं.

मागं वळले तर मालक उभे होते. सगळी छावणी गोल करून उभी, आणि गर्दीत वही काखेत धरलेले सचिव.

"खुंट्याला हात कुनी लावला?"

"म्या लावला."

"दुसऱ्याचा खुंटा उपटायचा म्हंजे काय असतंय, तुज्या घरच्यांनी शिकवलं न्हाई का?"

"शिकवलंय, मालक. जनावराचा खुंटा उपटला तर वैर. पर सायेब म्हनले, छावनीत कुत्रंच न्हाई, वहीत रकाना न्हाई. मंग ह्यो खुंटा कुनाचा? तुमचा आसंल तर सांगा. सायेब हितंच हायत, आत्ता लिवून घेतील."

पोटरीतून रक्त टाचेपर्यंत आलं होतं, पण आवाज हलू दिला नाही. मालकांनी सचिवांकडं पाहिलं. सचिव छावणीच्या तोंडावरच्या पाटीकडं बघत होते. आपला म्हटलं तर नोंद नसलेलं जनावर संचालकांनीच आत ठेवलं, असं साऱ्यांदेखत ठरत होतं, आणि तहसीलची माणसं कधीही तपासणीला यायची. आपला नाही म्हटलं तर बोलायलाच जागा नव्हती. मग पहिल्यांदा बाबा हसले, खोकल्यासारखं, आणि ते हसू रांगारांगांतून पसरत गेलं. बायकांच्या तोंडी कोण लागतंय, असं काहीतरी पुटपुटत मालक बाजेकडं गेले.

त्याची शिक्षा मला मिळाली. पुढं चार दिवस ट्रकच्या तळातलं वाळकं वाढं माझ्या गाईच्या वाट्याला आलं. मी ते निवडून निवडून घातलं. बाबांनी त्यांच्यातलं थोडं हिरवं आणून टाकलं. पोटरीसाठी दवाखान्यात सुया घ्याव्या लागल्या. त्या दिवसांत गाईजवळ सुद्धा बाबाच थांबले.

गाय मात्र लगेच मानेना. पहिल्या दिवशी लांबूनच परतली. दुसऱ्या दिवशी लिंबापर्यंत आली आणि थांबली. कुत्रं पलीकडून भुंकत होतं, पण साखळी ताणली जात होती ती भलत्याच दिशेला. गाय ते बघत होती. तिसऱ्या दिवशी मी दावं सैल सोडलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून नुसती उभी राहिले. ती एक एक पाऊल टाकत गेली आणि हौदात तोंड घातलं. पिऊ लागली ती थांबेचना. मागं मालकांचा सालगडी चौदा जनावरं घेऊन आला आणि त्यानं हटा म्हणून आवाज दिला. मी हटले नाही. गाईचं पिणं होईपर्यंत ती चौदाच्या चौदा माझ्या एका गाईमागं उभी राहिली.

चैत्रात गाय व्याली. कालवड झाली, आईसारखीच टिळ्याची. ऊसतोडीची टोळी परत आल्यावर नवऱ्याला ही कथा माझ्याआधी दहा जणांनी सांगितली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. संचालकाशी वाकडं घेतलंस, म्हणाला. सासूबाई मात्र गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांनी माझी पोटरी पाहिली आणि विचारलं, "लई दुखलं का?" त्या घरात मला हे कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि इतक्या दिवसांत न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

पाऊस झाला, छावणी उठली. ज्यानं त्यानं आपापला खुंटा उपटला. मालकांच्या सालगड्यानं चौदा काढून ट्रॉलीत टाकले, कुत्र्याची साखळी सोडली आणि पंधराव्याला हात घालता घालता मालकांकडं पाहिलं. मालक दुसरीकडंच बघत राहिले. ट्रॉली गेली. ट्रॉलीतलं कुत्रं वळण येईपर्यंत माझ्याकडं तोंड करून भुंकत होतं. माळावर एकच खुंटा उरला. कालवडीला खुंटा लागणारच होता. मी तो दुसऱ्यांदा उपटला आणि घरी आणला.

दोन वर्षांनी सोसायटीची निवडणूक लागली. मालक हात जोडत आमच्या गावात फिरत होते. ऊन तापलेलं, चार घरं पालथी घालून ते आमच्या अंगणात आले तेव्हा घामानं निथळत होते. नवरा गडबडीनं आत घोंगडी आणायला पळाला. कालवड आता गाय व्हायला आलेली, अंगणात बांधलेली. मालक तिच्याजवळच उभे राहिले. त्यांची नजर खाली खुंट्यावर गेली, लोखंडी कडीवर, आणि तिथंच राहिली.

मी आतून तांब्याभर पाणी आणलं. आमच्या दारात आलेल्याला तहानेलं ठेवायची रीत नाही. ते घटाघटा सगळं पाणी प्याले आणि तांब्या परत दिला.

"लाकूड चांगलं हाय," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले, "बेवारस घावलंतं."